चहाच्या डबीत गोडा मसाला

आधी कबूल करून टाकते. एका जपानी बाईच्या चहाच्या डबीत मी काठोकाठ गोडा मसाला भरला, डबी ओट्यावर दोनदा आपटून तो बसवला, वर आणखी अर्धा चमचा मावला तोही घातला, झाकण लावलं, डबी तिच्या रेशमी पिशवीत परत ठेवली आणि स्वतःवर खूश होऊन दुपारची झोप काढली. झोप छान लागली, हेही सांगते.

ती जपानी बाई म्हणजे माझी विहीण, सुनेची आई. मी तेव्हा बासष्ट वर्षांची होते, आता चौऱ्याहत्तर. बासष्टाव्या वर्षी बाई पोक्त होते असं ज्यांना वाटतं त्यांनी मला तेव्हा बघायला हवं होतं. केस पिकलेले, गुडघे कुरकुरायला लागलेले, आणि डोकं मात्र पुढच्या बाकावरच्या मुलीची वेणी बाकाला बांधून ठेवणाऱ्या कार्टीचं. बरं, मी काही अडाणी नव्हते. सव्वीस वर्षं इथे कॅनडात, कनाटा नावाच्या उपनगरातल्या एका लॅबमध्ये पाण्याचे नमुने तपासले. बाटलीत आधीचा एक थेंब राहिला तरी नमुना बाद, हे नव्या पोरींना घसा कोरडा करून शिकवलं. रिटायरमेंटला त्यांनी मला एक फलकसुद्धा दिला. तो फलक ज्या भिंतीवर टांगलाय त्याच भिंतीखाली उभी राहून मी हा उद्योग केला.

आता आमचं दोघींचं मुळातच का जमत नव्हतं, ते.

लग्नाच्या दिवशी विहीणबाई कमरेतून वाकल्या. मी नमस्कार केला. त्या आणखी वाकल्या. मग मीही जरा वाकले, आमच्याकडे कमी कोण पडणार! दोघींपैकी आधी सरळ कुणी व्हायचं ते ठरेना. शेवटी फोटोग्राफरनेच आम्हाला सोडवलं. त्या दिवसापासून मी मनात हिशेब धरला की ही बाई मला हरवायला आलीय.

त्या आमच्या घरी आल्या की दारातल्या चपला सरळ करायच्या. स्वतःच्याच नाही, सगळ्यांच्या. माझ्या हिवाळ्याच्या बुटांची टोकं दाराकडे वळवून, जोडी जुळवून ठेवायच्या. तोंडाने अवाक्षर नाही. एखादी 'काय हा पसारा' म्हणाली असती तर मी चार शब्द ऐकवून मोकळी झाले असते. न बोलणाऱ्या बाईशी भांडायचं कसं? कशालाही त्यांचं एकच उत्तर: "इट इज ओके." चहा हवा? ओके. पंखा लावू? ओके. रविवारी मुलाबरोबर जेवणाचा डबा पाठवू? ओके. त्या ओकेच्या आत हो आहे की नाही आहे ते मला पाच वर्षांत कळलं नव्हतं, आणि मी मला सोयीचं ते धरून चालायचे.

मी बोलायचे ती मात्र अखंड. दोघी इथे तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या, इंग्रजी दोघींचं चांगलं. तरी परक्या भाषेत खुन्नस काढणं म्हणजे दुसरीच्या विळीवर कांदा चिरणं. धार कुठे आहे तेच सापडत नाही. इथे मी सगळं मराठीत लिहितेय, पण आमचं वैर इंग्रजीत चालायचं हे ध्यानात ठेवा.

त्या उन्हाळ्यात सुनेने मला विचारलं, "आई, माझी आई तुमच्या डेकवर दोन तास बसली तर चालेल? चहाची प्रॅक्टिस करायचीय." विहीणबाई राहायच्या डाउनटाउनमधल्या एका काँडोत, बाल्कनी नाही. आणि त्यांना उघड्यावर, आमच्या घरामागच्या या लाकडी ओट्यावर बसून सराव हवा होता.

"चहाची प्रॅक्टिस?" मी म्हटलं. "चहा करायला मी आठव्या वर्षी शिकले. अर्ध्या तासात."

सून हसली नाही. तिने मला सांगितलं ते असं. तिच्या आईला चहाविधी शिकवणाऱ्या एक गुरुबाई होत्या, एकोणनव्वद वर्षांच्या. डोळे जवळजवळ गेलेले. आमच्या घरापासून दहा मिनिटांवरच्या एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात होत्या. विहीणबाई त्यांच्याकडे एकतीस वर्षं शिकत होत्या, आणि त्या एकतीस वर्षांत गुरुबाईंनी एकदाही 'बरं झालं' म्हटलं नव्हतं. हात थरथरायला लागले तेव्हा गुरुबाईंनी आपली प्रवासाची चहाची पेटी विहीणबाईंना दिली. आता त्यांचा मुलगा शनिवारी त्यांना कायमचा व्हँकुव्हरला नेणार होता. त्याआधी, गुरुवारी सकाळी, नर्सिंग होमच्या अंगणात विहीणबाई त्यांना त्याच पेटीतून शेवटचा चहा करून देणार होत्या. पुन्हा भेट होणार नाही हे दोघींना माहीत होतं.

एवढं सगळं ऐकूनही त्या वेळच्या मला काय सुचलं? एकतीस वर्षांत पास न होणारी विद्यार्थिनी! मी मनातल्या मनात गुदगुल्या करून घेतल्या.

सोमवारी विहीणबाई आल्या. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. पेटी लहानशी, लाकडी, आमच्या मिसळणाच्या डब्याएवढी. पण तिच्यातून वस्तू निघाव्यात किती! वाडगा रेशमी पिशवीत. चहाची पूड ठेवायची डबी, मोठ्या लिंबाएवढी, काळी लाखेची, तीही पिशवीत. बांबूची रवी एका नळीत, पुसायचं ओलं फडकं दुसऱ्या छोट्या नळीत. बांबूचाच लांबट चमचा. आणि भोकाच्या झाकणाची एक चिमुकली बरणी, तिच्यात साखरेचे काटेरी दाणे. सगळं एकमेकांच्या पोटात बसणारं. मला माझ्या वडिलांचा फिरकीचा तांब्या आठवला. प्रवासात तेही असंच, एकात एक बसवून सगळं न्यायचे. ही आठवण मी विहीणबाईंना सांगितली असती तर कदाचित बोलणं झालं असतं. मी नाही सांगितली. त्यांना कशाला बरं वाटू द्यायचं?

मग दोन तास त्यांनी स्वच्छ डबी पुसली. फडक्याची घडी घातली, पुन्हा पुसली. स्वच्छ चमचा पुसला. शेवटी मला बोलावून वाडगाभर हिरवा फेस माझ्यापुढे ठेवला. मी प्यायले.

"व्हेरी हेल्दी," मी म्हटलं.

"ओके," त्या म्हणाल्या.

जाताना पेटी माझ्याकडे ठेवून गेल्या, कारण गुरुवारी इथूनच निघायचं होतं, आणि मुलाच्या घरी ठेवली तर चार वर्षांची नात ती उघडेल. म्हणजे चार वर्षांच्या मुलीपेक्षा मी भरवशाची, असा त्यांचा समज. पेटी माझ्या हातात देताना म्हणाल्या, "कृपा करून थंड खोलीत ठेवा. स्वयंपाकघरापासून लांब."

झालं. पाच वर्षांत त्यांनी मला उद्देशून बोललेलं हे सगळ्यांत लांब वाक्य, आणि त्यात माझं स्वयंपाकघर! म्हणजे माझ्या घराला वास येतो. येतो हो, येतो! जेवतो आम्ही. चहाच्या पुडीला वास लागतो, म्हणून कुठलीही चहा करणारी हेच म्हणेल, हे मला आज कळतं. तेव्हा मी पेटी बैठकीच्या कपाटात आदळली. आदळली म्हणजे हळूच ठेवली, पण मनातून आदळली.

मंगळवारी मी वर्षाचा मसाला करायला घेतला. इथे घरात मसाला भाजला की फायर अलार्म बोंबलतो आणि हिवाळी कोटांना वास बसतो तो एप्रिलपर्यंत जात नाही. म्हणून आम्ही बायका उन्हाळ्यात डेकवर शेगडी मांडून भाजून घेतो. धणे, तीळ, खोबरं, दगडफूल, नागकेशर, हिंग. शेजारचा गोरा म्हातारा कुंपणावरून डोकावून "पार्टी?" म्हणतो, मी "नो पार्टी" म्हणते, दरवर्षी तेवढंच बोलणं. आमचे हे तेव्हा भावाच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेले होते. ते घरी असते तर मला कुणीतरी "अगं, त्या पेटीला हात लावू नकोस" म्हणालं असतं, आणि मी तरीही लावला असता.

मसाला कुटून झाला, दळून झाला, आणि मी चहाला बसले. मग वाटलं, बघू तरी. पेटी उघडली. डबीत अजून चांगली पाच-सहा चमचे हिरवी पूड होती. मी दूध-पाणी उकळत ठेवलं, आलं ठेचून टाकलं, साखर टाकली आणि ती सगळी पूड त्यात घालून खळखळून उकळी काढली. एवढ्या वर्षांच्या विद्येला मी अर्ध्या तासात काय करते ते बघायचं होतं. जे झालं ते विहिरीच्या कडेचं शेवाळ दुधात पडल्यासारखं दिसत होतं. एक घोट घेतला आणि सिंकमध्ये ओतलं. तोंडाची चव घालवायला बरणीतले साखरेचे दाणे खाल्ले. तेही संपले.

आता आली पंचाईत. डबी रिकामी.

आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. शेजारणीची वाटी खिरीची आली तर जाताना निदान मूठभर साखर घालून जाते. माझी आई तर म्हणायची, रिकामी वाटी परत देणारीच्या घरी कुणी दुसऱ्यांदा काही पाठवत नाही. मी कॅनडात आले तरी हा नेम मोडला नव्हता. लॅबमधल्या फिलिपिनो बाईचा केकचा ट्रेसुद्धा मी चकल्या भरून दिला होता आणि ती आनंदाने रडायची बाकी राहिली होती.

मग साखर का नाही घातली, असं तुम्ही विचाराल. साखर होती. डबा भरून होती. दाण्यांच्या त्या रिकाम्या बरणीत बडीशेप भरली, ती भरताना साखरेचा डबा माझ्या कोपराला लागत होता. पण साखर कुणीही देतं. मी माझा ताजा मसाला देणार होते. ज्याच्यासाठी टोरांटोच्या मैत्रिणी सहा महिने आधी नंबर लावतात तो. असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर मला तो चेहरा हललेला बघायचा होता. 'स्वयंपाकघरापासून लांब' म्हणता काय? घ्या, स्वयंपाकघरच तुमच्या डबीत. रीतही पाळली जाईल आणि खोडीही निघेल. खोडीला रीतीचं सोवळं नेसवण्यात मी त्या काळात तरबेज होते.

गुरुवारी सकाळी नऊला मुलगा विहीणबाईंना आणि नातीला घेऊन आला. सून ड्यूटीवर. विहीणबाईंनी फिकट राखी किमोनो नेसला होता आणि हातात नव्या चहाचा छोटा बंद टिन होता. ताजी पूड डबीत भरायची, पाणी थर्मासात घ्यायचं आणि सव्वादहापर्यंत पोचायचं, असा त्यांचा बेत. नर्सिंग होममध्ये शेगडी पेटवू देत नसत.

पेटी त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवली. पिशवीची गाठ सोडतानाच त्यांचे हात थांबले. झाकण काढलं. मी पुढे होऊन सांगणारच होते, "हा आमचा खास..."

नात टेबलापाशी आली, नाक वर करून हुंगलं आणि आनंदाने ओरडली, "आजी, इट स्मेल्स लाइक यू!"

चेहरा हलला. मला हवा होता तो नाही. मला वाटलं होतं राग येईल. त्यांचा रंग उडाला, आणि डबी घाईने टेबलावर ठेवताना मसाल्याची एक रेघ किमोनोच्या बाहीवर पडली.

"आई, काय आहे हे?" मुलगा.

"गोडा मसाला. भेट म्हणून. रिकामी कशी परत देऊ?"

"रिकामी का झाली?"

"मी... करून बघितला चहा."

"यांच्या डबीतल्या पुडीचा? न विचारता?"

"अरे, थोडी होती."

"आई, त्या गुरुबाईंना दिसत नाही," तो दात आवळून म्हणाला. "त्यांना फक्त वास कळतो आणि आवाज कळतो. चहाला येताना हे लोक अत्तरसुद्धा लावत नाहीत. तू हिंग घातलास?"

"गोड्या मसाल्यात हिंग असतोच."

"यांना काहीतरी म्हण!"

"सॉरी," मी म्हटलं. विहीणबाईंकडे बघून. "व्हेरी सॉरी. मी आत्ता धुऊन देते, दोन मिनिटांत."

"पाणी नाही," विहीणबाई म्हणाल्या. "लाख आहे. गरम पाणी नाही. साबण नाही. तुम्ही हात लावू नका."

"मी लॅबमध्ये..."

"प्लीज. हात लावू नका."

त्या कोरड्या कापडाने पुसत राहिल्या. मसाला निघाला, तेल राहिलं. तीळ आणि खोबरं, दोन दिवस मुरलेलं. कापड बदललं, पुन्हा पुसलं. मुलाने तांदळाचं पीठ आणलं, ते घालून काढलं. पिशवी डेकवर उन्हात टांगली. डबी नाकाला लावली की आतून माझं घर येत होतं. पेटीच्या लाकडालासुद्धा. आणि मी सव्वीस वर्षं काय शिकवलं, तर आधीचा थेंब राहिला की नमुना बाद.

पावणेदहा झाले. मुलाची दहाची मीटिंग, लॅपटॉप उघडून बसणं भाग. गाडी मी चालवायची ठरली, दुसरं कोण होतं? डबी तीच लागणार होती, म्हणून विहीणबाईंनी टिनातली नवी पूड तिच्यातच भरली, स्टोव्हपाशी गेल्या आणि किटली ठेवली. इतकं झाल्यावरही त्या किटलीजवळ मान वाकवून पाण्याचा आवाज ऐकत उभ्या राहिल्या. उकळी आली, त्यांनी गॅस बंद केला, झाकण काढलं, थांबल्या. किती थांबल्या ते त्यांनाच माहीत. घड्याळाकडे बघितलं नाही. मग थर्मासात ओतलं.

गाडीत त्या मागच्या सीटवर बसल्या. टॅक्सीत बसतात तशा. खिडकी पूर्ण खाली, पेटी मांडीवर उघडी. मी आरशातून बघत होते.

"मी येऊन त्यांची माफी मागते," मी म्हटलं.

"नको."

"त्यांना सांगते की माझी चूक."

"नको. पेटी माझी आहे. मी दुसऱ्याकडे ठेवली. चूक माझी आहे."

"असं कसं? भरला मी..."

"कृपा करून तुम्ही बोलू नका. आज फक्त आज. बोलू नका."

मला राग आला! बघा तरी. त्यांच्या शेवटच्या चहाचं मातेरं करून वर राग मलाच आला, की माफी मागायचा माझा हक्क ही बाई हिसकावून घेते. मी पिवळा दिवा तोडला. मागून पेटी घट्ट धरल्याचा आवाज आला.

नर्सिंग होमचं अंगण म्हणजे चार कुंड्या, एक मेपल आणि पार्किंगच्या बाजूला जाळी. गुरुबाई व्हीलचेअरमध्ये होत्या, मूठभर बाई, पाठ ताठ. विहीणबाईंनी सतरंजी अंथरली, खाली बसल्या आणि कपाळ जमिनीला टेकवलं. मला पाहुणी म्हणून बाजूच्या बाकावर बसवलं, कारण परत न्यायला मला थांबावंच लागणार होतं.

वस्तू निघाल्या. सोमवारी मला पोरखेळ वाटलेलं ते पुसणं सुरू झालं. डबी बाहेर आली, विहीणबाईंनी झाकणाला हात लावला, आणि गुरुबाईंनी एक बोट वर केलं.

एक शब्द. जपानीत. मला भाषा येत नाही, पण शाळेत वही तपासताना बाई ज्या आवाजात 'थांब' म्हणतात तो आवाज कुठल्याही भाषेत कळतो.

विहीणबाईंनी डबी खाली ठेवली आणि पुन्हा कपाळ टेकवलं. काहीतरी बोलल्या, थोडंच. गुरुबाईंचं तोंड लहान झालं, चिंच खाल्ल्यासारखं. त्यांनी मान फिरवली. आपल्या शिष्येकडे नाही, जाळीकडे. विहीणबाई वर उठेचनात. त्या काय म्हणाल्या असतील ते मला गाडीतच कळलं होतं: चूक माझी, मी निष्काळजी. एकतीस वर्षांचा शेवट असा होणार होता, आणि शनिवारी विमान होतं.

मला बोलायला मनाई होती. आयुष्यात पहिल्यांदा मला मनाई मोडताना मजा आली नाही.

"मी केलं," मी इंग्रजीत म्हटलं. जरा जोरातच. "हिने नाही. मी हिची विहीण. पेटी माझ्याकडे होती. मी पूड संपवली आणि मसाला भरला."

विहीणबाईंनी जमिनीवरूनच माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते लिहिण्यासारखं नाही.

गुरुबाईंनी मान माझ्या आवाजाकडे वळवली. इंग्रजी त्यांचं माझ्यापेक्षा साफ. "कसला मसाला?"

"धणे, तीळ, सुकं खोबरं, हिंग. डाळीत घालतो."

"का भरलात?"

"आमच्यात रिकामं भांडं परत देत नाहीत."

"चांगली पद्धत आहे. हिने मसाला मागितला होता?"

"नाही."

"हिला मसाला आवडतो?"

पाच वर्षं झाली होती. "माहीत नाही," मी म्हटलं.

"विचारलं नाहीत?"

"नाही."

"मग तुम्ही हिला भेट दिली नाहीत," गुरुबाई म्हणाल्या. "तुम्ही हिच्या डबीवर स्वतःचं नाव लिहिलंत."

कुणाच्या तोंडचं इतकं निमूट ऐकून घेतल्याचं मला त्याआधी आठवत नव्हतं. गुरुबाईंनी शिष्येला जपानीत दोन शब्द सांगितले. विहीणबाई उठून बसल्या, बाही सारखी केली आणि डबी पुन्हा उचलली.

चहा झाला. थर्मासातलं पाणी, बांबूची रवी, हिरवा फेस. वाडगा गुरुबाईंच्या हातात गेला. त्यांनी नाकाशी धरला, चेहरा आक्रसला आणि तीन घोटांत संपवला. मग दुसरा वाडगा माझ्यापुढे आला. मी प्यायले. त्यात कडवटपणाच्या मागून माझीच आमटी येत होती. माझ्या हातच्या कुठल्याही पदार्थाला मी तोपर्यंत वाईट म्हटलं नव्हतं. हा वाईट होता.

गुरुबाईंनी ओठ पुसले. मग इंग्रजीतच म्हणाल्या, म्हणजे मलाही कळावं असं त्यांच्या मनात असणार: "चहा भयंकर आहे. पाणी बरोबर होतं."

विहीणबाईंचे कान लाल झाले. त्या इतका वेळ वाकून राहिल्या की नर्स काळजीने जवळ आली. वर आल्या तेव्हा डोळे कोरडे, पण हनुवटी काही केल्या थांबत नव्हती. एकतीस वर्षांत मिळालेलं ते पहिलं 'बरोबर'. आणि तेही मसाल्याच्या वासात, माझ्यासमोर. मी तिथे नसते तर त्यांना ते एकटीला मिळालं असतं, हे मला अजून टोचतं. टोचू दे.

आवराआवर झाली. गुरुबाईंना आत नेलं. त्यांनी मागे वळून बघितलं नाही, बघून दिसणारही नव्हतं. विहीणबाई दार बंद होईपर्यंत उभ्या होत्या, मग दार बंद झाल्यावरही.

पार्किंगमध्ये मी मागचं दार उघडून धरलं. त्यांनी ते लावलं आणि पुढच्या सीटवर येऊन बसल्या. पेटी मांडीवर. मला वाटलं, चला, माफी मिळाली. हसूसुद्धा फुटलं मला, आगाऊ. मी किल्ली लावणार तेवढ्यात त्या समोरच्या काचेकडे बघत बोलायला लागल्या. शब्द न शब्द आठवतो. इंग्रजीतून मराठीत आणताना मीठमिरची घातलेली नाही.

"तुम्ही मध्ये बोललात, त्याबद्दल मी तुमचे आभार मानणार नाही. आणि तुम्ही पाच वर्षं दर रविवारी माझ्यासाठी मुलाबरोबर जो जेवणाचा डबा पाठवता, तो मी उघडतसुद्धा नाही. आमच्या बिल्डिंगचा सिक्युरिटीवाला घेतो, त्याला फार आवडतो. मला आवडत नाही. मला आंबट आवडतं, तिखट नको, आणि भात वेगळा पाहिजे. आता गाडी सुरू करा."